पहिला कोण, आणि कशात?

गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या थिएटरात 18 मे 1912 रोजी रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलीक' लागला. त्याच थिएटरात 3 मे 1913 रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. मधले अंतर साडेअकरा महिन्यांचे, आणि तेवढ्यावरून आपल्याकडे पोटतिडकीने भांडण चालू आहे. 2013 साली 'हरिश्चंद्र'ची तारीख धरून भारतीय सिनेमाची शताब्दी साजरी झाली, तेव्हा तोरण्यांची बाजू घेणारे उच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेले. फाळक्यांची बाजू घेणाऱ्यांना कुठे जाण्याची गरजच नव्हती. देशातला सिनेमाचा सर्वोच्च पुरस्कार 1969 पासून फाळक्यांच्याच नावाने दिला जातो. भांडण खरोखर तारखेचे असते तर ते केव्हाच मिटले असते, कारण 1912 हे 1913 च्या आधी येते याबद्दल कुणाचे दुमत नाही. ते मिटत नाही, कारण दोन्ही बाजू 'पहिला' या बिरुदाखाली वेगवेगळ्या गोष्टी मागत आहेत. माझे म्हणणे असे की 'पहिला कोण' हा प्रश्न ज्या रूपात आपण विचारतो, ते रूप परक्या कज्जांतून आलेले आहे. इथल्या माणसांची चढाओढ निराळ्याच गोष्टीसाठी होती. ती गोष्ट नीट पाहिली तर मानकऱ्यांचा क्रम बदलतो, आणि या कथेत एरवी तोंडी लावण्यापुरते घेतले जाणारे कोल्हापूर बरेच पुढे येते.

ते कज्जे अमेरिकेतले. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन या त्याच्या सहकाऱ्याने हलती चित्रे टिपणारा कॅमेरा उभा केला आणि 1891 मध्ये एडिसनने त्याच्या पेटंटसाठी अर्ज टाकला. पुढे हाच डिक्सन एडिसनला सोडून प्रतिस्पर्धी म्युटोस्कोप कंपनीला मिळाला. 1896 मध्ये एडिसनचे म्हणून जे 'व्हायटास्कोप' न्यूयॉर्कमध्ये गाजले, ते वास्तविक जेंकिन्स आणि आर्मट या जोडीचे यंत्र. त्यातले अधिक डोके कुणाचे यावरून त्या दोघांतही फाटले होते. एडिसनने म्युटोस्कोपवर दावा लावला तेव्हा बचावपक्षाने लुई ल प्रिन्स या फ्रेंच माणसाच्या मुलाला साक्षीला उभे केले. ल प्रिन्सने 1888 मध्येच इंग्लंडात, लीड्स इथे, हलती चित्रे टिपली होती; 16 सप्टेंबर 1890 रोजी तो दिजाँहून पॅरिसच्या गाडीत बसला आणि त्यानंतर कुणाला दिसला नाही. 1902 मध्ये अपील न्यायालयाने एडिसनचा सगळे काही कवेत घेऊ पाहणारा दावा फेटाळला. तरी गडी हटला नाही. डिसेंबर 1908 मध्ये त्याने मोठ्या कंपन्यांना बरोबर घेऊन पेटंटधारकांचा संघ बांधला, आणि 1915 मध्ये न्यायालयाने तो संघ बेकायदा ठरवेपर्यंत परवान्याशिवाय कॅमेरा फिरवणाऱ्यांना सळो की पळो करून सोडले. या साऱ्या मामल्यात 'पहिला कोण' या प्रश्नाला रोख किंमत होती. जो पहिला ठरेल तो इतरांकडून फिल्मच्या फुटामागे पैसे वसूल करणार. तारीख ही तिथे मालमत्ता होती, आणि तिच्यासाठी वकील लावणे परवडत होते.

हे लोण मुंबईत का आले नाही? हिंदुस्थानात तेव्हा पेटंट हा प्रकारच नव्हता, असे उत्तर चटकन दिले जाते. ते चूक आहे. शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा इथे 1856 मध्ये झाला आणि पेटंट व डिझाइनचा नवा कायदा 1911 मध्ये, म्हणजे 'पुंडलीक'च्या आदल्याच वर्षी आला. खरे कारण लंडनमध्ये सापडते. एडिसनने किनेटोस्कोप या आपल्या चित्रे दाखवणाऱ्या यंत्राचे पेटंट ब्रिटनमध्ये घेतलेच नाही. ही फट हेरून रॉबर्ट पॉल या लंडनच्या यंत्रकाराने किनेटोस्कोपच्या प्रती बनवल्या, त्यात दाखवायला फिल्म मिळेनात म्हणून बर्ट एकर्सच्या साथीने कॅमेराही बनवला, आणि पुढे प्रोजेक्टर तयार करून ज्याच्या हाती पैसे असतील त्याला विकू लागला. ल्युमिएर बंधूंची रीत सुरुवातीला याच्या उलट होती. यंत्र विकायचे नाही, आपला माणूस पाठवून खेळ करायचे. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून झालेला खेळ त्यांच्याच मारियस सेस्तिएने केला होता. ब्रिटिश यंत्रकार मात्र दुकान मांडून बसले, आणि मुंबईचा व्यापार त्यांच्याशीच जोडलेला होता. त्यामुळे आपल्याकडे कॅमेरा शोध म्हणून आला नाही, माल म्हणून आला. पैसे टाकून मिळणाऱ्या यंत्राच्या मालकीवरून कुणी भांडत नाही. पेटंटावरून इथल्या सिनेमावाल्यांनी एकमेकांना कोर्टात खेचल्याचे ऐकिवात नाही ते यामुळे. इथली ईर्ष्या दुसरी होती: हे काम परदेशी माणसाला न बोलावता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणाला निभावता येते?

तारखेच्या मोजपट्टीने निकाल लावायचाच म्हटले तर तोरणे आणि फाळके दोघेही मागे पडतात. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मुंबईच्या छायाचित्रकाराने 21 गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे डिसेंबर 1901 मध्ये मायदेशी परतले, त्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले. तोरणेपक्ष म्हणेल, त्या बातम्या झाल्या, आम्ही गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाबद्दल बोलतो. मग कलकत्त्याचे हीरालाल सेन पुढे येतात, ज्यांनी शतकाच्या सुरुवातीलाच रंगभूमीवरच्या नाटकांतले प्रवेश टिपले आणि ज्यांची फिल्म 1917 च्या आगीत खाक झाली. आणि पडद्यावर हलत्या चित्रांतून गोष्ट सांगणे एवढेच पाहायचे, तर कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची 'शांबरिक खरोलिका' 1892 पासून, म्हणजे ल्युमिएरांच्याही आधी, काचेवर रंगवलेल्या चित्रांनी पुराणकथा दाखवत गावोगाव फिरत होती. प्रत्येक वेळी गैरसोयीचा माणूस समोर आला की व्याख्येला एक विशेषण जोडायचे, असे हे चालते. कथापट, मग पूर्ण लांबीचा कथापट, मग पूर्ण भारतीय कथापट. विशेषण जोडण्याला माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप ते लपूनछपून जोडण्याला आहे. कोणत्या गुणाला आपण मान देतो हे आधी उघड सांगावे आणि मग माणसे तपासावीत. मी ज्या गुणाकडे पाहतो तो असा: या माणसाने काम केल्यावर कोणते कसब इथे राहिले, आणि कुणाच्या हातात राहिले?

तोरणे 1890 मध्ये जन्मलेले, मालवणकडचे. 'पुंडलीक'च्या वेळी ते विशीतले होते, विजेची उपकरणे विकणाऱ्या कंपनीतली नोकरी आणि नाटकाचे वेड अशी दोन्हींची जोड असलेले. नानासाहेब चित्रे यांच्यासारख्या साथीदारांबरोबर त्यांनी श्रीपाद नाटक मंडळीचा खेळ चित्रित करायचे ठरवले. बोर्न अँड शेपर्ड या छायाचित्रणाच्या नामांकित पेढीकडून कॅमेरा घेतला, तो चालवायला जॉन्सन नावाचा इंग्रज आला, आणि टिपलेली फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली. परत आली ती तयार होऊन. चित्रपट सुमारे दोन आठवडे चालला. मुंबईतल्या निम्म्या हिंदूंनी तो पाहिला आहे, उरलेल्या निम्म्यांनीही पाहावा, अशा आशयाची जाहिरात टाइम्समध्ये झळकली. जाहिरातवाल्यांचा हिशेब तेव्हाही उदारच होता. पण कल्पना आणि धाडस तोरण्यांचे होते हे निर्विवाद आहे. मराठी नाटकाला पडद्यावर प्रेक्षक मिळतो, हे त्यांनी फाळक्यांच्या आधी सिद्ध केले. मात्र जॉन्सन कॅमेरा घेऊन निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तोरण्यांच्या मंडळीला पुढचा चित्रपट स्वतःच्या बळावर करता आला असता का? फिल्म धुण्याची सोय हाताशी नाही, कॅमेरा नाही, तो चालवणारा माणूस नाही. 'पुंडलीक'नंतर लगोलग त्यांच्याकडून दुसरा 'पुंडलीक' आला नाही, यात नवल नाही.

फाळके याच मे महिन्यात मुंबईत होते, लंडनहून परतून त्यांना जेमतेम दीड महिना झाला होता. त्या वेळी ते बेचाळीस वर्षांचे, आणि मधल्या आयुष्यात त्यांनी जे जे केले ते सगळे आता उपयोगी पडणार होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, आणि मग छपाई. मावळात मळवलीला रविवर्म्याचा शिळाछाप कारखाना होता. फाळक्यांनी त्या कारखान्यासाठी फोटोवरून दगडावर चित्र उतरवण्याचे काम केले, पुढे लोणावळ्यात ठसे आणि छपाईचा स्वतःचा कारखाना काढला, तो मुंबईला हलवला, रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी 1909 मध्ये जर्मनीलाही जाऊन आले, आणि शेवटी भागीदारांशी बिनसल्यावर बाहेर पडले. सिनेमाच्या इतिहासात हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. मला तो कळीचा वाटतो. 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट पाहून ख्रिस्ताच्या जागी कृष्ण दिसू लागणे ही भाविक माणसाची प्रतिक्रिया झाली. पण हे आपल्याला करता येईल असे वाटायला रसायने, अंधारखोली, भिंगे आणि धातूचे ठसे यांत हात बुडवलेला माणूस लागतो. लंडनमध्ये ते 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना भेटले, कॅबर्न यांनी त्यांना सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत नेले, आणि तिथे फाळक्यांनी पाहिले ते नटनट्यांचे काम नव्हे, तर फिल्म कशी भरतात, कशी धुतात, कशी छापतात ते. विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर त्यांनी मागवलेली दुसरी महत्त्वाची चीज म्हणजे छिद्रे पाडायचे यंत्र.

या छिद्रांवर थोडे थांबले पाहिजे. त्या काळी कच्ची फिल्म पुष्कळदा बिनछिद्रांची मिळे. कॅमेऱ्याचे दाते ज्या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतात ती भोके घेणाऱ्याने स्वतः पाडायची, तीही अंधारात आणि सारख्या अंतरावर. अंतर किंचित चुकले की पडद्यावर चित्र थरथरते. हे काम दादरच्या घरात रात्री सरस्वतीबाई फाळके करत. दिवसभर मंडळींचा स्वयंपाक, रात्री हजारो फूट फिल्मला भोके पाडणे. 'राजा हरिश्चंद्र' 3,700 फुटांचा होता. विम्याची पॉलिसी गहाण पडली, भांडवलवाल्यांची खात्री पटवण्यासाठी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची मिनिटभराची फिल्म आधी करून दाखवावी लागली, पण फिल्म समुद्रापार गेली नाही. घरात भरली, घरात धुतली, घरात जोडली. आणि म्हणून त्यापाठोपाठ 'मोहिनी भस्मासुर' आला, 'सावित्री' आली, 1917 मध्ये 'लंका दहन' आला, नाशिकला कारखाना उभा राहिला. फाळके 'पहिले' होते म्हणून मोठे नाहीत. त्यांच्याकडे दुसरा, तिसरा आणि दहावा चित्रपट काढण्याची तयारी पहिल्या दिवसापासून होती, म्हणून ते मोठे आहेत.

यावर तोरण्यांच्या बाजूने जो आक्षेप येतो तो हलका नाही. फिल्म कुठे धुतली आणि कॅमेऱ्याची मूठ कुणी फिरवली यावर चित्रपटाचे राष्ट्रीयत्व ठरवायचे, तर पुढच्या काळातले कित्येक नावाजलेले चित्रपट परदेशी ठरतील. हिमांशू रॉय यांच्या बॉम्बे टॉकीजमध्ये कॅमेऱ्यामागे योझेफ विर्शिंग आणि दिग्दर्शनाला फ्रान्झ ऑस्टेन असे जर्मन होते. म्हणून 'अछूत कन्या'ला कुणी जर्मन म्हणत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. 'पुंडलीक' भारतीय नव्हता, असे जे म्हणतात ते चुकतात. पण भारतीय असणे आणि धंद्याचा पाया घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1936 मध्ये जर्मन माणूस कामाला ठेवणारा कारखाना इथे होता, तो माणूस गेल्यावरही चालणार होता आणि चाललाही. 1912 मध्ये कारखानाच नव्हता. दुसरा आक्षेप फाळक्यांच्या साक्षीबद्दल आहे, आणि तो अधिक टोकदार आहे. आपला इतिहास फाळक्यांनी स्वतः लिहिला. 'नवयुग' मासिकात 1917-18 मध्ये त्यांनी लेख लिहिले; 1927-28 च्या सिनेमॅटोग्राफ चौकशी समितीपुढे हिंदुस्थानातला चित्रपटधंदा आपण 1912 मध्ये सुरू केल्याचे सांगितले. तोरण्यांनी अशी लेखणी चालवली नाही, आणि 'पुंडलीक'ची फिल्मही उरली नाही. म्हणजे खटल्यात एका बाजूचा जबाब आहे, दुसऱ्या बाजूचा नाही. म्हणूनच मी फाळक्यांच्या दाव्यावर भिस्त ठेवत नाही. त्यांनी मागे काय चालू ठेवले त्यावर ठेवतो. पहिलेपणाचा दावा करणे सोपे असते, वीस वर्षे कारखाना चालवून दाखवणे लेखणीला जमत नाही.

हीच मोजपट्टी घेऊन कोल्हापूरला गेले की फाळकेही थोडे थबकतात. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलत भाऊ, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. पेंटर हे नाव त्यांना त्यातूनच चिकटले. मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर आणून त्यांनी खेळ सुरू केले, आणि यंत्र दुरुस्त करता करता त्यांना जे कळले ते लाखमोलाचे होते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा आतून एकाच जातीचे. फिल्म सलग धावत नाही; ती एक घर पुढे सरकते, क्षणभर ठप्प थांबते, त्या क्षणी झडप उघडते, मग झडप मिटते आणि फिल्म पुन्हा सरकते, सेकंदाला सोळा-एक वेळा. ही थांब-चाल साधली की निम्मा कॅमेरा झाला. ल्युमिएरांच्या यंत्राने तर टिपणे आणि दाखवणे ही दोन्ही कामे एकाच पेटीत केली होती. तेव्हा प्रोजेक्टर खोलून पाहणाऱ्या हुशार कारागिराला कॅमेऱ्याचा अर्धा आराखडा समोर मांडलेला असतो. उरलेला अर्धा मात्र जीवघेणा. उजेडाचा कण आत शिरता कामा नये, भिंग आणि फिल्म यांतले अंतर केसभरही हलता कामा नये, आणि सगळे दाते एकमेकांशी जुळले पाहिजेत. आनंदराव 1916 मध्ये अकाली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने काम पुढे रेटले आणि 1918 च्या सुमारास कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि त्या घरच्या कॅमेऱ्याने टिपलेला 'सैरंध्री' 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला.

लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक आणि 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. याच टिळकांनी काही वर्षांपूर्वी फाळक्यांसाठी भांडवल उभे करण्याच्या खटपटीत लक्ष घातले होते. दोन प्रतिस्पर्धी, आणि पाठ थोपटणारा हात एकच. एडिसनच्या अमेरिकेत हे कल्पनेतही बसले नसते, कारण तिथे एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून पैसा. इथे बक्षीस स्वदेशीचे होते, आणि ते एकापेक्षा अधिक जणांना मिळू शकत होते. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला दिसत नाही.

बाबूरावांचा कॅमेरा ही नक्कल होती, शोध कसला, असे विचारले जाते. नक्कल होतीच. पण मग पॉलचे किनेटोस्कोप काय होते? एडिसनच्या नावाने खपलेला आर्मटचा प्रोजेक्टर काय होता? ल्युमिएर बंधूही एडिसनचे यंत्र पाहूनच कामाला लागले. सिनेमाच्या जन्मात दुसऱ्याचे यंत्र खोलून न पाहिलेला शोधक दाखवता येणे कठीण; फरक इतकाच की काहींना पेटंटाचा वकील मिळाला. कच्ची फिल्म तर कोल्हापुरातही परदेशीच होती, मग स्वदेशी कुठली, हाही प्रश्न रास्त आहे. फिल्म बनवण्याचा सरकारी कारखाना उटकमंडला निघायला 1960 चे दशक उजाडावे लागले. सर्वस्वी स्वावलंबी असा इथला एकही चित्रपट नव्हता. पण मी स्वावलंबनाचे टक्के मोजत नाही. आधीच्या माणसापेक्षा याने परावलंबनाची एक कडी आणखी तोडली का, एवढेच पाहतो. सावेदादांनी टिपण्याचे काम हातात घेतले, तोरण्यांनी गोष्ट आणली, फाळक्यांनी धुणे-छापणे घरात आणले, बाबूरावांनी यंत्रच घरात आणले.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे. कोल्हापूरचा कॅमेरा पुढे गेला नाही. त्याचा कारखाना निघाला नाही, इतर कंपन्यांनी तो घेतला नाही, आणि पुढे आपले सगळे स्टुडिओ परदेशी कॅमेऱ्यांवरच चालले. मग त्याचे एवढे कौतुक कशाला? यंत्र म्हणून पाहिले तर हा आक्षेप मला मान्य करावाच लागतो. पण ते यंत्र बनवताना आणि वापरताना जे हात तयार झाले त्यांचा हिशेब वेगळा आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही माणसे महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकली. 'सिंहगड'साठी 1923 मध्ये रात्रीची दृश्ये कृत्रिम प्रकाशात घेण्याचा खटाटोप याच कंपनीने केला, एरवी सगळे सूर्याच्या भरवशावर चाले. 1 जून 1929 रोजी याच चौघांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने प्रभात काढली. बोलपट आला तेव्हा ध्वनिमुद्रणाचे खाते दामल्यांनी सांभाळले. कॅमेऱ्याचे दाते जुळवलेल्या माणसाला आवाजाच्या यंत्राची भीती वाटली नाही, असे मी म्हटले तर तो तर्क आहे, पण फार लांबचा नाही. 1936 च्या 'संत तुकाराम'चे दिग्दर्शन दामले-फत्तेलाल या जोडीचे, आणि त्या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. प्रभात 1933 मध्ये पुण्याला आली होती. तिच्याच जागेवर 1960 मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट उघडली, तेव्हा कोल्हापुरात सुरू झालेल्या शिकवणीला सरकारी वर्गखोल्या मिळाल्या.

या हिशेबात तोरण्यांवर अन्याय होतो असे वाटणाऱ्यांना मला एक गोष्ट दाखवायची आहे, जी त्यांच्याच पक्षाच्या कागदपत्रांत दुर्लक्षित पडलेली असते. 'पुंडलीक'नंतर तोरणे सिनेमातून गेले नाहीत. त्यांनी सिनेमाची यंत्रसामग्री विकण्याचा व्यवसाय केला आणि बोलपटाच्या उंबरठ्यावर, जेव्हा प्रत्येक स्टुडिओला ध्वनिमुद्रणाची यंत्रे हवी होती आणि ती कशी चालवायची हे कळत नव्हते, तेव्हा ती यंत्रे पुरवणाऱ्यांत ते होते. 1931 मध्ये त्यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन काढली, प्रभात पुण्याला येण्याच्या आधी. 1932 मध्ये तिथे झालेला, शाहू मोडक यांचा 'श्यामसुंदर' मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. 1912 मध्ये ज्याला कॅमेरा आणि माणूस दोन्ही बाहेरून आणावे लागले, त्याच गृहस्थाने वीस वर्षांनी पुण्यात स्वतःचा बोलपटाचा स्टुडिओ चालवला आणि इतरांना यंत्रे विकली. तोरण्यांचे वकीलपत्र घेणारे 18 मे या तारखेवर सगळा भर देतात. या दुसऱ्या डावाकडे त्यांनी पाहिले, तर त्यांच्या अशिलाची बाजू आज मांडली जाते त्याहून पुष्कळ भक्कम आहे.